मेश्राम सरांचे पंचविशीतले म्हातारे

मेश्राम सर कुणालाही पहिल्यांदा भेटले की नाव विचारायच्या आधी वय विचारायचे. ते कळलं की लगेच दुसरा प्रश्न, पहिली संधी कितव्या वर्षी मिळाली. नेदरलँड्समध्ये लोक एकमेकांना वीस वर्षं ओळखतात आणि असलं काही विचारत नाहीत. सर मात्र कॅन्टीनमध्ये पावावर चीज ठेवत उभ्या असलेल्या कुठल्याही डच माणसाला विचारून मोकळे व्हायचे. मलाही विचारलं. मी बोलायला फटकळ, त्यातून पुण्याची. म्हटलं, बायकांना वय विचारत नाहीत सर, आणि संधीचं म्हणाल तर ती मिळाली की कळवते. ते हसले नाहीत. वहीत काहीतरी टिपलं आणि म्हणाले, टाळलं, म्हणजे तिशीच्या पुढे. इतका राग आला म्हणून सांगू. चौतीस होतं माझं.

आर्नहेममधल्या एका वीज कंपनीत आम्ही एकाच टीममध्ये होतो. उद्या कुठल्या तासाला किती वीज लागेल याचा अंदाज आज बांधायचा, हे आमचं काम. सर बल्लारपूरकडचे. चंद्रपूरला इंजिनिअरिंग कॉलेजात बरीच वर्षं शिकवत होते, म्हणून ‘सर’. ऑफिसात सगळे त्यांना प्रदीप म्हणायचे, मला ते जमलं नाही. आणि मी त्यांच्याहून चांगली आठ वर्षांनी लहान, तरी ते मला शेवटपर्यंत मॅडमच म्हणाले. बांधा बुटका, हात मात्र उगाच लांब, शर्टाच्या बाह्या कधी मनगटापर्यंत पोचल्या नाहीत. सायकलवर हेल्मेट घालायचे. इथे ऐंशीच्या आज्या उघड्या डोक्यानं पावसात सायकल हाणतात, त्यात हेल्मेटवाला हा एकटा. कुणी हसलं तर म्हणायचे, इतक्या उशिरा पोचलोय इथे, आता डोकं फुटून परत जायला नको.

उशीर या गोष्टीचा त्यांनी धसकाच घेतला होता. बारावीनंतर वडील गेले आणि सहा वर्षं खाणीच्या हजेरी ऑफिसात कारकुनी करावी लागली. पुढे कॉलेजात गेले तेव्हा वर्गातली मुलं त्यांना काका म्हणायची. पीएचडी झाली तेव्हा गाइडपेक्षा यांचेच केस जास्त पिकलेले. घरातले पहिले पदवीधर, वस्तीतले पहिले डॉक्टरेट, आणि तरी जिथे जातील तिथे ‘दोन-चार वर्षं आधी आला असतात तर’ हे वाक्य ठेवलेलंच. परदेशची नोकरी मिळाली तेव्हा कागदावर बेचाळीस पूर्ण झाली होती. बरोबर पत्नी वंदनाताई आणि बारा वर्षांची मुलगी संघमित्रा, घरची मित्रा. इथल्या शाळेनं मित्राला आधी दोन वर्षं भाषेच्या वर्गात घातलं, मग नेहमीच्या वर्गात. म्हणजे बरोबरीच्या मुलांपेक्षा ती एक वर्ष मागे पडली. एवढ्यानं सरांची झोप उडाली. एकदा ट्रॉलीबसच्या थांब्यावर आम्ही दोघंच उभे होतो, तेव्हा म्हणाले,

"मॅडम, माझं जे व्हायचं ते झालं. माह्या पोट्टीले उशीर नाही झाला पाहिजे."

एरवी ते अगदी पाठ्यपुस्तकातलं मराठी बोलायचे. घाबरले की चंद्रपूर बाहेर यायचं. मी काहीतरी थातुरमातुर बोलले आणि बस आली.

आता एका क्वार्टरबॅकचं सांगते. आमच्यात ब्रायन म्हणून एक अमेरिकन होता. शुक्रवारी दुपारी ऑफिसात बिअर आणि तळलेल्या गोळ्यांचा कार्यक्रम असतो, त्यात तो एकदा तोंड पाडून बसला होता. त्याचा जीव ज्या संघावर, त्या संघानं म्हणे एक म्हातारा क्वार्टरबॅक निवडला होता. सरांना अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तो चेंडू गोल नसतो हेही त्यांना त्या दिवशी कळलं. ब्रायननं समजावलं की चेंडू पहिल्यांदा ज्याच्या हातात येतो आणि कुणाकडे फेकायचा हे डोळ्याची पापणी लवायच्या आत जो ठरवतो, तो क्वार्टरबॅक. कॉलेजात खेळणाऱ्या मुलांतून व्यावसायिक संघ दरवर्षी एकदा पाळीपाळीनं आपापली माणसं उचलतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. सरांनी विचारलं, म्हातारा म्हणजे किती? ब्रायन म्हणाला, पंचवीस.

सरांच्या हातातला संत्र्याच्या रसाचा ग्लास तसाच राहिला. पंचवीस म्हणजे म्हातारा? का? ब्रायननं सांगितलं, असंच मानतात सगळे, विशीबाविशीत निवडलेले पुढे चमकतात, पंचविशीत निवडलेल्यांचं काही खरं नसतं. सर म्हणाले, मानतात म्हणजे काय, आकड्याला विचारू. हे त्यांचं पालुपद. बायको म्हणाली भाजीत मीठ जास्त आहे, तरी हे म्हणणार आकड्याला विचारू.

आणि मग खरंच विचारत बसले, दोन वर्षं. आयुष्यात एक सामना धड न बघितलेला माणूस, पण कुठला क्वार्टरबॅक कितव्या वर्षी निवडला गेला, त्याआधी कॉलेजात किती खेळला, पुढे किती सीझन टिकला, हे सगळं कोष्टक त्यांनी तयार केलं. कॉम्प्युटरवर तर होतंच, शिवाय दोनशे पानी वहीत हातानं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचे, पातोड्यांचा रस्सा भाकरीबरोबर खायचे आणि डाव्या हातानं वहीची पानं उलटायचे. मला वैताग यायचा. एकदा म्हटलं, अहो सर, ती पोरं तुमचं काय लागतात? तर त्यांनी मला बसवून घेतलं आणि शिकवायलाच सुरुवात केली.

खरं सांगते, त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की हा माणूस शिक्षक म्हणून काय चीज असेल. म्हणाले, बघा, पंचवीस वर्षांचा गडी एकोणीस वर्षांच्या पोरांपुढे खेळतो तेव्हा तो चांगला दिसणारच, त्याला शाबासकी थोडी कमीच द्यायची. इथवर लोकांचं बरोबर आहे. पण पुढची गोष्ट कुणी बघत नाही. लहान वयात निवडलेला चुकला तर संघ म्हणतो, शिकेल हळूहळू. त्याला तीन सीझन देतात, चार देतात. मोठ्या वयात निवडलेला चुकला तर म्हणतात, आता हा काय शिकणार, आणि दुसऱ्याच वर्षी बाकावर बसवतात. मग शेवटी मोजतात कोण टिकला ते. आता सांगा मॅडम, वयानं मारलं का धीर नसण्यानं मारलं? मी विचारलं, मग आकडा काय म्हणतो? सरांनी वही मिटली. म्हणाले, धीराचा हिशोब वेगळा काढला की वयाचा फरक कमी होतो. ती बाजूला सारत म्हणाले, कमी होतो, जात नाही.

ते ‘जात नाही’ त्यांना घालवायचं होतं. मला तेव्हा ते वेड वाटलं, मी नवऱ्याला घरी नक्कल करून दाखवली. आज त्याची लाज वाटते.

त्यांच्या प्रामाणिकपणाचाही जाच व्हायचा. एकदा मे महिन्यातल्या एका गुरुवारी इथे सणाची सुट्टी होती आणि सरांनी ती अंदाजात धरलीच नाही. पण त्याच दिवशी हवामानाचाही अंदाज उलटा चुकला, दोन्ही चुका एकमेकींत जिरल्या आणि विजेचा आकडा तंतोतंत आला. बॉसबाईंनी सगळ्यांसमोर सरांचं कौतुक केलं. दुसरा कुणी असता तर मान डोलावून गप्प बसला असता. सरांनी संध्याकाळच्या आत अख्ख्या विभागाला मेल पाठवली की उत्तर बरोबर आलं आहे, पण रीत चुकली आहे, तेव्हा मार्क शून्य. डच लोक स्पष्टवक्ते म्हणवतात, पण ती मेल वाचून तेही गांगरले. मी त्यांना म्हटलं, कशाला आपणहून फास लावून घेता? त्यावर त्यांचं म्हणणं असं की माहिती चुकीची आहे हे ठाऊक असून गप्प राहणं म्हणजे खोटंच बोलणं. त्यांच्या कोष्टकातही ज्या खेळाडूच्या जन्मतारखेबद्दल शंका असेल त्याच्यापुढे तांबड्या शाईची फुली असायची आणि खाली बारीक अक्षरात टीप.

स्वतःच्या जन्मतारखेपुढे मात्र फुली नव्हती. ऑफिसच्या पॅन्ट्रीत सगळ्यांच्या वाढदिवसांची यादी लावलेली असायची. इथे ज्याचा वाढदिवस त्यानंच केक आणायचा आणि बाकीच्यांनी त्याचं तर अभिनंदन करायचंच, वर एकमेकांचंही करायचं, अशी पद्धत. त्या यादीत एक जूनला दोन नावं होती. एक मेश्राम सरांचं, दुसरं बीडच्या एका मुलाचं. त्यात मी बोलून गेले की माझ्या वडिलांचाही एक जूनच. बॉसबाईंनी मनापासून विचारलं, महाराष्ट्रात त्या दिवशी काही विशेष असतं का? आम्ही तिघं पोट धरून हसलो. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराचा जन्म कधीचा हे घरात कुणाला सांगता यायचं नाही, मग गुरुजी आपले एक जून ठोकून द्यायचे. आमच्या आधीच्या पिढ्यांतली निम्मी माणसं अशीच जन्मलेली. पण हे डच बाईंना समजावणार कसं? सर म्हणाले, माझं नको, माझ्या गुरुजींचं अभिनंदन करा, तारीख त्यांनी निवडली.

त्या दिवशी केक खाताना त्यांनी आपली हकिगत सांगितली. आई शेतावर जायची, घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून मोठी बहीण या चार-साडेचार वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन शाळेत जायची. एके दिवशी गुरुजी म्हणाले, बसतोच आहे तर नावच घालू. वय झालंय का हे बघायची तेव्हाची रीत म्हणजे उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडायचा. कानाला हात लागला की सहा वर्षं पूर्ण. सरांचे हात मुळातच लांब. कान सहज सापडला. गुरुजींनी सहा वर्षं लिहिली आणि सर एका दुपारीत दीड वर्षानं मोठे झाले.

म्हणजे जो माणूस जन्मभर उशिराच्या भीतीनं पळत होता, त्याचं दीड वर्ष मुळात गेलंच नव्हतं. हे मी तेव्हा हसत हसत ऐकलं.

सरांचं पाचवं वर्ष लागलं आणि त्याच सुमारास कंपनीनं आमची टीम बंद केली. अंदाज बांधायचं तयार सॉफ्टवेअर विकत घेणार होते. माझ्याकडे इथे राहायचा कायमचा परवाना होता, मला दुसऱ्या विभागात बसवलं. सर हायली स्किल्ड मायग्रंट, त्यांचा परवाना नोकरीला बांधलेला. नोव्हेंबरअखेर नोकरी संपली. नवी शोधायला तीन महिने. फेब्रुवारी संपायच्या आत मिळाली नाही तर तिघांनीही देश सोडायचा. पाच वर्षं पूर्ण झाली असती तर कायमच्या परवान्याचा अर्ज करता आला असता, त्याला सात महिने कमी पडत होते. आणि मित्राची शाळेची शेवटची परीक्षा होती मे महिन्यात. ती दिली असती तर तिला इथल्या कॉलेजचा दरवाजा उघडणार होता. नाही दिली तर ती ना इथली राहणार ना तिथली. तिचं सगळं शिक्षण आता डचमध्ये, मराठी नुसतं कानापुरतं. आपण मराठीत विचारावं आणि तिनं डचमध्ये उत्तर द्यावं, ते सरांना कळायचं नाही आणि वंदनाताई अंदाजानं बोलणं पुढे ढकलायच्या. तिकडे जाऊन तिला मागच्या इयत्तेपासून सुरुवात करावी लागली असती. दोन वर्षं, कदाचित तीन.

सर दर सोमवारी दुपारी मला लायब्ररीत भेटायला लागले. मी त्यांचे अर्ज तपासून द्यायची. नकार भराभर यायचे आणि अगदी गोड भाषेत यायचे. वय कुणी विचारत नव्हतं, इथे कायद्यानं विचारता येत नाही. पण ‘वाढीला अधिक वाव असलेला उमेदवार’ हे शब्द पुन्हा पुन्हा यायचे. सर म्हणाले, त्या खेळाडूंबद्दलही हेच लिहितात मॅडम, शब्दसुद्धा तेच. ते वाळले होते. कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेला होता.

डिसेंबरातल्या एका सोमवारी आले ते वही घेऊन. पानं दोन-तीनदा मागेपुढे केली. मग म्हणाले की कोष्टकातली तीन नावं काढली तर वयाचा फरक पुसला जातो, रेष सरळ होते. तिघंही पंचविशीपुढचे, तिघंही लगेच आपटलेले. एकाला दुखापत झाली होती, दुसऱ्याचं संघाशी भांडण झालं होतं, कारणं शोधली तर सापडतात.

"काढली होती मी," ते म्हणाले. "दोन दिवस रेष सरळ ठेवली. चांगलं वाटलं. काल परत टाकली."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि लायब्ररीतली बाई आमच्याकडे बघत होती. मी उठून दोन कॉफ्या घेऊन आले.

जानेवारीत मात्र नशीब फिरल्यासारखं वाटलं. फेल्डहोवनकडच्या एका कंपनीनं बोलावलं. चिप बनवायच्या यंत्रांचे भाग करणारी मध्यम आकाराची कंपनी. सर आर्नहेमहून आइंडहोवनपर्यंत ट्रेन, पुढे बस असं करत दोनदा जाऊन आले. दुसऱ्या मुलाखतीनंतर तिथल्या मॅनेजरनं हात हातात घेऊन सांगितलं, एक मार्चपासून या. आता फक्त कागदपत्रांची पडताळणी, ती झाली की कंपनीच परवान्याचा अर्ज भरणार. वंदनाताईंनी आम्हाला जेवायला बोलावलं. मित्रानं त्या दिवशी दोन वाक्यं चक्क मराठीत बोलून दाखवली. सर सूपमध्ये भिजलेल्या पावासारखे मऊ झाले होते. फक्त एक गोष्ट त्यांच्या मनात अडकली होती. मॅनेजर म्हणाला होता की हा गट पुढची दहा-पंधरा वर्षं सांभाळणारं माणूस हवंय. सर बोटांवर काहीतरी मोजत होते.

आणि मी, माझी ही जीभ, पानात वाढून घेता घेता बोलले,

"मग दीड वर्ष फुकट कशाला घालवता सर? खरं वय सांगून टाका की. तेवढेच तरुण व्हाल."

सगळे हसले. नवरा हसला, वंदनाताई हसल्या. मी विसरूनही गेले.

आठवड्यानं सोमवारी सर आले ते अगदी हलके होऊन. पडताळणीचा फॉर्म भरून पाठवला म्हणाले. जन्मतारखेखाली त्यांनी टीप घातली होती. कागदोपत्री तारीख अमुक, प्रत्यक्ष जन्म सुमारे दीड वर्षानंतरचा, अधिकृत पुरावा उपलब्ध नाही. आयुष्यात पहिल्यांदा खरी माहिती दिली मॅडम, असं म्हणाले. मी विचारलं, काहून सर, काहून लिहिलंत? त्यांची भाषा माझ्या तोंडात कशी आली देव जाणे. ते गोंधळले. माहिती चुकीची आहे हे ठाऊक असताना न सांगणं बरोबर आहे का, असं उलट मलाच विचारलं.

पडताळणी करणाऱ्या संस्थेनं दोनच दिवसांत पत्र पाठवलं. पासपोर्टवर एक तारीख, उमेदवार सांगतो दुसरी, तर जन्मनोंदणीचा उतारा पाठवा. गावच्या पंचायतीत तशी नोंदच नव्हती. मोठ्या बहिणीनं तहसीलला जाऊन प्रतिज्ञापत्र केलं. तिनं आपल्या आठवणीप्रमाणे सांगितलं, धाकटा मामा वारला त्याच्या पुढच्या पावसाळ्यातला. त्या हिशोबानं कारकुनानं जी तारीख काढली ती तिसरीच निघाली. आता एका माणसाला तीन जन्मतारखा झाल्या. त्या फॉर्मवर टीप नसती तर कुणी ढुंकून बघितलं नसतं. पासपोर्ट, डिग्री, दाखला, सगळीकडे गुरुजींचा एक जून नीट जुळत होता.

मी त्या कंपनीत फोन केला. माझा काय संबंध असं त्यांनी विचारलं असतं तरी चाललं असतं, पण फोनवरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मी गुरुजी सांगितले, जून सांगितला, कान सांगितला. अर्धा तास बोलले. शेवटी त्यांनी विचारलं, बरं, मग यातली खरी तारीख कुठली? मी तिन्ही पुन्हा सांगितल्या. त्या म्हणाल्या, आम्हालाही इथेच अडलंय. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात कंपनीनं कळवलं की वेळेत पडताळणी होऊ शकत नसल्यानं जागा पुन्हा खुली करत आहोत. पत्रात सरांचं फार कौतुक होतं.

मी सरांची माफी मागायला गेले. ते म्हणाले, तुम्ही हसण्यावारी बोललात, लिहिलं मी. मग म्हणाले, रीत बरोबर होती, या वेळी उत्तर चुकलं. मला त्यांनी शिव्या द्यायला हव्या होत्या. मी घरी येऊन स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले, आणि अजूनही कुणी माझ्या हजरजबाबीपणाचं कौतुक केलं की मी विषय बदलते.

एका वकिलानं त्यांना एक वाट सांगितली होती. काहीतरी अर्ज टाकायचा, तो फेटाळला जाईपर्यंत मे उजाडतो, मुलीची परीक्षा होऊन जाते. वंदनाताई हात जोडून म्हणाल्या, करा ना हो. सरांनी ऐकलं नाही. तीन तारखांनंतर ते कागदालाच घाबरले होते. नावावर एक नकार बसला आणि उद्या मित्राला इथे शिकायला यायचं झालं तर तोच आडवा येईल, असं त्यांच्या डोक्यात बसलं. मी खूप भांडले. कदाचित त्यांचं बरोबर असेल, कदाचित नसेल. मी पुन्हा सल्ला द्यायला धजले नाही, एवढं खरं.

सर नगरपालिकेच्या रहिवासी यादीतून नाव कमी करून आले त्या दुपारी मी त्यांच्या घरी खोकी बांधायला गेले होते. मित्रा जिन्यात उभी होती. वडिलांनी पुस्तकांचं खोकं तिच्या हातात द्यायला पुढे केलं आणि ती फुटली. सगळं डचमध्ये, एका श्वासात. शेवटचं वाक्य तिनं दोनदा म्हटलं आणि वर निघून गेली. सरांनी माझ्याकडे बघितलं.

"काय म्हणाली मॅडम?"

ती म्हणाली होती, तुम्ही आयुष्यभर उशिरा पोचलात म्हणून आता मीही उशिराच पोचायचं. मी म्हटलं, दमलेय म्हणाली. सरांनी मान हलवली. त्यांना त्यातला एक शब्द नक्की कळला असणार, रेल्वे स्टेशनावर रोज कानावर पडणारा.

निघायचा दिवस फेब्रुवारीचा शेवटचा. विमान दुपारी एकचं, पण सर सकाळी आठलाच सगळ्यांना घेऊन स्किपोलला हजर. मी आणि नवरा सोडायला गेलो होतो. त्याच सकाळी मित्राच्या वर्गाची गणिताची सराव परीक्षा होती. तिच्या शिक्षकांनी जाताना तिला तीच प्रश्नपत्रिका पाकिटात घालून दिली होती. गाडीत कुणाशी न बोलता ती एवढंच म्हणाली की वर्ग नऊला सुरू करेल तेव्हा मीही करणार. चेक-इनच्या समोर एका बाकावर तिनं हातातली बॅग आडवी घातली, तिचं टेबल केलं आणि बरोबर नऊला पाकीट फाडलं.

सरांनी घड्याळ काढून तिच्यासमोर ठेवलं. मग तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. तीन तासांचा पेपर. कुणी ट्रॉली घेऊन जवळून गेलं की ते हातानं त्याला लांबून जायला सांगायचे. एका बाईंचं तान्हं रडायला लागलं तर सरांनी हात जोडून त्यांना पलीकडे बसायची विनंती केली. वंदनाताई सामान देऊन आल्या. मी पाण्याची बाटली आणली, ती सरांनी मला बाकाजवळ ठेवू दिली नाही, परीक्षेत चालत नाही म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. या पेपरचा कुणालाच काही उपयोग नव्हता आणि हे तिथे सगळ्यांना माहीत होतं.

अकरा चाळीसला मित्रानं पेन खाली ठेवलं. तिनं कागद गोळा केले आणि आमच्याकडे न देता वडिलांना दिले. प्रश्न डचमध्ये होते, पण आकडे सगळ्यांचेच. सरांनी उभ्या उभ्या तपासायला सुरुवात केली. ओठ हलत होते. पान, मग पुढचं पान. वंदनाताई आत जायची घाई करत होत्या, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. सुरक्षा तपासणीच्या रांगेत शिरले तरी ते वाचतच होते, लांब हातांत कागद डोळ्यांपासून दूर धरून. शेवटचं पान संपलं तेव्हा ते दोरीपलीकडे होते आणि मी अलीकडे.

"सगळं बरोबर आहे," ते म्हणाले. "आणि वीस मिनिटं आधी."

मित्रा मान खाली घालून उभी होती. सरांनी कागद नीट एकावर एक लावले, कडा जुळवल्या आणि इकडे तिकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मॅडम, हा आता कुठे जमा करायचा?"

मागच्या माणसानं पुढे व्हा म्हणून खुणावलं, आणि ते कागद तसेच पुढे धरून रांगेबरोबर सरकले.